मालवणची छोटी बोटफेरी, स्नॉर्कलिंग आणि घरचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणच्या समुद्रात आम्ही लहान गटांना होडीने नेतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर स्नॉर्कलिंग करवतो आणि परत आल्यावर घरी जेवायला वाढतो. बुकिंगच्या आधी फोनवर जे विचारलं जातं त्याची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत. सगळं नाही वाचलं तरी चालेल, पण तारीख ठरवण्याबद्दलचं आणि पोहता न येणाऱ्यांसाठीचं उत्तर मात्र नक्की वाचा.

फेरीत नेमकं काय काय असतं?

सकाळी लवकर किनाऱ्यावरून निघायचं, किल्ल्याच्या तटाला समुद्राच्या बाजूने वळसा घालायचा, पद्मगड पाहायचा आणि पाणी शांत असेल तिथे खडकांजवळ थांबून पाण्यात उतरायचं. पाण्यातला वेळ पाऊण ते एक तास. वर आल्यावर होडीतच शहाळं आणि थोडं खाणं, मग किनारा, आंघोळ आणि दुपारचं जेवण. सगळं मिळून अर्धा दिवस जातो. ज्यांना संध्याकाळीही वेळ आहे त्यांना देवबागला कर्ली नदीच्या खाडीत नेतो. नदी जिथे समुद्राला मिळते तो संगम, पलीकडचा भोगव्याचा किनारा आणि खाडीतली वाळूची बेटं पाहायला उतरतं ऊन चांगलं. त्या फेरीत स्नॉर्कलिंग नसतं, कारण खाडीचं पाणी गढूळ आणि ओढीचं असतं.

गट सहा ते आठ जणांचाच का? आम्ही पंधरा जण आहोत, एकाच होडीत घ्याल का?

नाही. पंधरा जण असाल तर दोन होड्या करू किंवा दोन दिवसांत विभागू. हे आम्ही हट्टाने पाळतो.

पाण्यात उतरलेल्या चौघांमागे आमचा एक माणूस पाण्यातच असतो आणि तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, होडीवरून सगळ्यांवर नजर ठेवतो. माणसं वाढली की ही नजर विरळ होते. पहिल्यांदा मास्क लावणाऱ्याला घाबरायला एक घोट खारं पाणी पुरतं आणि तेव्हा हात धरायला कोणीतरी दोन हातांवर असावं लागतं. दुसरं कारण खडकांचं. प्रवाळ असलेल्या उथळ जागेवर एकदम वीस जण उतरले की कोणी ना कोणी दमून खडकावर पाय टेकतोच. प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर काही सेंटिमीटर वाढतो. टाचेखाली मोडलेला तुकडा पुन्हा तेवढा व्हायला कित्येक वर्षं जातात.

पोहता येत नाही. तरी जमेल का?

जमेल. आमच्याकडे येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना पोहता येत नाही. स्नॉर्कलिंग आणि स्कूबा यांत अनेकांचा गोंधळ होतो, म्हणून आधी तेवढं सांगतो. स्कूबात पाठीवर हवेचं नळकांडं घेऊन पाण्याखाली जातात. स्नॉर्कलिंगमध्ये तुम्ही पाण्याच्या पृष्ठभागावरच पालथे तरंगता, चेहरा पाण्यात असतो आणि तोंडातल्या नळीतून वरची हवा घेता. लाईफ जॅकेट अंगात असतं, त्यामुळे बुडण्याचा प्रश्न येत नाही. खरी अडचण असते ती श्वासाची. आयुष्यभर नाकाने श्वास घेतलेल्या माणसाला तोंडाने, सावकाश, लांब श्वास घ्यायला शिकावं लागतं.

म्हणून आम्ही कोणालाच थेट खोल पाण्यात उतरवत नाही. आधी किनाऱ्यालगत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मास्क लावायचा, नळी दातांत धरायची, गुडघे वाकवून चेहरा पाण्यात घालायचा आणि दहा-पंधरा श्वास मोजायचे. मास्कमध्ये पाणी शिरलं तर काय करायचं, नळीत पाणी आलं तर जोरात फुंकर कशी मारायची, हे तिथेच शिकायचं. काहींना पाच मिनिटं लागतात, काहींना अर्धा तास. घाई करत नाही. एखाद्याला शेवटपर्यंत नाही जमलं तर हवेची रिंग धरून आमच्या माणसासोबत फक्त चेहरा बुडवून बघता येतं, आणि तेही नको वाटलं तर होडीत बसून किल्ला बघण्यात काही कमीपणा नाही. घरच्यांनी मात्र अशा माणसाला 'उतर रे, काही होत नाही' म्हणून ढकलू नये, ही कळकळीची विनंती. जबरदस्तीने उतरलेला माणूस पाण्यात सगळ्यात आधी बिथरतो.

पाण्याखाली खरंच काय दिसतं?

अंदमान किंवा लक्षद्वीपची चित्रं डोळ्यांपुढे ठेवून येऊ नका. तिथलं निळं, आरपार दिसणारं पाणी इथे नाही. आपल्या किनाऱ्याला सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आणि खाड्या गाळ आणतात, त्यामुळे चांगल्या दिवशीही नजर काही मीटरच पोचते. पण याच गढूळ पाण्यात प्रवाळ तग धरून आहेत, आणि आम्हाला त्याचंच अप्रूप वाटतं. किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर पोराइट्स प्रवाळाचे गोलसर ढेप, फॅव्हाइट्सची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी, टर्बिनारियाच्या पसरट वाट्या दिसतात. त्यांच्या फटींमधून पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे थव्याने फिरतात. फुलपाखरू मासे, पोपट मासे, खडकाच्या सावलीत दबा धरलेला गोबरा, कधी एखाद्या कपारीतून मिशा बाहेर काढलेली शेवंड (लॉब्स्टर) दिसते. बारीक बघणाऱ्याला जास्त दिसतं. एकाच खडकावर दहा मिनिटं स्थिर तरंगलात तर लपलेले मासे हळूहळू बाहेर येतात. भराभर फिरणाऱ्याला फक्त हिरवं पाणी दिसतं.

हा भाग १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचं क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातला किल्ल्याभोवतीचा ३.१८ चौरस किलोमीटरचा पट्टा हा गाभा. काही ठिकाणी पांढरेफटक प्रवाळ दिसतील. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगात राहणारं शेवाळ बाहेर टाकतात आणि रंग गमावतात. तो मेलेलाच असतो असं नाही, पाणी लवकर निवलं तर सावरतो. अशा प्रवाळापासून तर जास्तच लांब राहायचं.

कोणता महिना चांगला? आणि तारीख कशी निवडायची?

हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. पाणी सगळ्यात स्वच्छ डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्ये पावसाचा गाळ अजून बसलेला नसतो, एप्रिलनंतर वारा आणि लाटा वाढतात.

लोक महिना विचारतात आणि थांबतात. आम्ही म्हणतो, तिथी विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. भरती मोठी, ओहोटी मोठी, पाण्याला ओढ जास्त आणि तळाची वाळू सारखी ढवळलेली. अष्टमीच्या पुढे दोन-तीन दिवस भांगाचं पाणी असतं. चढ-उतार कमी, ओढ कमी, गाळ खाली बसतो. त्यामुळे महिन्यातून दोनदा, शुद्ध आणि वद्य अष्टमी ते एकादशी, हे दिवस स्नॉर्कलिंगला सर्वांत चांगले.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब घरबसल्या करता येतो: तिथीची पाऊणपट करा. दशमी असेल तर दहाचे पाऊणपट साडेसात, म्हणजे साधारण साडेसातला पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. भरती भरत आली की बाहेरचं स्वच्छ पाणी खडकांवर येतं आणि पूर्ण भरल्यावर थोडा वेळ पाणी स्थिर राहतं. त्या वेळेत उतरलं की दिसतंही छान आणि दमायलाही होत नाही. पौर्णिमेला हीच भरती सव्वाअकराच्या सुमारास येते, तोवर ऊन आणि वारा दोन्ही चढलेले असतात. नक्की वेळ आम्ही भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच ठरवतो, पण सुट्टी टाकण्याआधी कालनिर्णय उघडून तिथी बघितलीत तर तुमचंच काम सोपं होईल. नाताळच्या आठवड्यात काय तिथी आहे, हे तर आवर्जून बघा.

इतक्या सकाळी का? आम्ही रात्रभर प्रवास करून येतो.

वाऱ्यामुळे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी सपाट असतं. दहा-अकराच्या पुढे जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पाण्यावर चुळबूळ सुरू होते. दुपारी तेच खडक लाटांखाली असतात. रात्रीचा प्रवास करून आलात तर तो दिवस विश्रांतीचा ठेवा आणि दुसऱ्या सकाळी या. न झोपलेल्या माणसाला बोट लागतेही लवकर.

पावसाळ्यात येऊ का?

मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात, किल्ल्यावर जाणाऱ्यासुद्धा. कोणी 'नेतो' म्हणालं तरी जाऊ नका.

सुरक्षिततेचं काय?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि त्यात माणसं दगावली. हंगामाचा शेवट होता, समुद्र फिरायला लागला होता. त्या दिवसाची आठवण इथल्या प्रत्येक होडीवाल्याच्या मनात आहे, आणि ती असायलाच हवी.

लाईफ जॅकेट होडीत पाय ठेवण्याआधी घालायचं आणि किनाऱ्याला उतरल्यावरच काढायचं. पट्टे घट्ट लावायचे, लहान मुलांना त्यांच्याच मापाचं. फोटोपुरतं काढू का, असं विचारू नका. आमच्याकडे असो वा दुसऱ्या कोणाकडे, बसण्याआधी होडीचा परवाना बघायला मागा आणि किती माणसांची परवानगी आहे ते विचारा. चांगला होडीवाला या प्रश्नाने रागावत नाही. दारू प्यायलेल्याला आम्ही नेत नाही, आदल्या रात्रीची उतरली नसेल तरीही.

हृदयविकार, फिट्स, तीव्र दमा, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा. गरोदर बायकांनी उघड्या समुद्रातली होडी टाळावी, कारण दणके बसतात. खाडीतली संध्याकाळची फेरी मात्र संथ असते.

जेलीफिश किंवा साप चावतील का?

जेलीफिश काही दिवस दिसतात. जास्त असतील तर आम्ही उतरवत नाही. लागलीच तर चोळायचं नाही आणि गोडं पाणी लावायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवायचा. लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग घातलं तर हा त्रास बराच टळतो. समुद्रसाप या किनाऱ्यावर आहेत आणि ते विषारी असतात, पण त्यांना हात लावला नाही तर ते आपल्या वाटेने निघून जातात.

माशांना पाव, बिस्किटं टाकायची का? व्हिडिओत तसंच दिसतं.

आमच्या होडीतून नाही. पाव टाकला की दहा सेकंदांत मासे घोळका करतात आणि फोटो झकास येतो, हे खरं. पण खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवणारे मासे पावाच्या मागे लागले की ते काम होत नाही, आणि मैद्याचा लगदा पाण्यात कुजतो तो वेगळाच. एकाच जागी रोज पाव पडत राहिला तर दांडगे मासे तिथे राज्य करतात आणि बाकीचे हटतात. ही सवय मालवणात पर्यटनासोबत पसरली आणि ती आपण सगळ्यांनी मिळून मोडली पाहिजे. पाहुण्यांनी मागणं बंद केलं तर टाकणारेही थांबतील.

त्याचप्रमाणे आम्ही प्रवाळावर नांगर टाकत नाही. होडी वाळूच्या जागेवर ठेवतो आणि तुम्हाला तिथून पोहत नेतो. दोन मिनिटं जास्त लागतात.

शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून नेला तर?

प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, वाळूत पडलेला मेलेला तुकडासुद्धा नेता येत नाही. काही शंखांनाही तेच संरक्षण आहे. शिवाय रिकाम्या शंखात बहुतेकदा शंखखेकडा राहायला आलेला असतो. हातात धरून बघा, मुलांना दाखवा आणि होता तिथे ठेवा.

डॉल्फिन दिसतील का?

दिसतात, पण हमी नाही. देवबाग-भोगवे-निवतीच्या बाजूला कुबड असलेले डॉल्फिन किनाऱ्याजवळ येतात, सकाळी जास्त. दिसले की आम्ही इंजिन मंद करून लांब थांबतो. त्यांच्यामागे होडी पळवत नाही, कारण पिल्लं घेऊन जाणारी मादी अशाने खाणं सोडून पळते. थांबलं की पुष्कळदा तेच जवळून जातात.

किल्ला आतून बघता येईल का?

येईल, पण त्यासाठी मालवण बंदरातून सुटणारी होडी वेगळी घ्यावी लागते. निदान दोन तास ठेवा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं आणि तीन वर्षांत हा जलदुर्ग उभा राहिला. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि खाऱ्या समुद्राने वेढलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. मोरयाचा धोंडा किनाऱ्यावरच आहे, तिथे बहुतेक पर्यटक जात नाहीत. तुम्ही जा.

जेवणात काय असतं?

त्या दिवशी जे मिळालं ते. आमच्याकडे मेनूकार्ड नाही. सकाळी रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला) काय लागलं, बंदरावर लिलावात काय आलं, त्यावर ताट ठरतं. थंडीत बांगडा भरपूर असतो आणि ताजा बांगडा हा आमच्या मते सुरमईपेक्षा कुठेही कमी नाही. लोक फोनवर सुरमई-पापलेटचीच चौकशी करतात. त्यांना आम्ही तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं वाढतो, आणि पुन्हा येताना तेच लोक बांगडा मागतात. तिरफळ चावायचं नाही, ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. नवख्याने चावलं तर जीभ बधिर होते, घाबरू नका, थोड्या वेळात उतरते.

ताटात साधारण ओल्या खोबऱ्याच्या वाटपाची आमटी, तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तळलेला मासा, असतील तेव्हा तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, तांदळाची भाकरी, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. सोलकढी कोकमाचा आगळ आणि ताज्या नारळाचं दूध यांची. बाटलीतली तयार कधीच नसते. आधी सांगितलं तर कोंबडी-वडे करतो, पण वड्याचं पीठ आदल्या दिवशी भिजवावं लागतं, त्यामुळे सकाळी सांगून दुपारी मिळणार नाहीत. गोडात कधी नारळाच्या रसातले शिरवाळे, कधी खापरोळी.

लहान पिल्लं आणि अंड्यांवर आलेली शेवंड आम्ही घेत नाही. २०२३ साली राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला, पण त्याआधीपासून जुनी माणसं हेच सांगत आली. जून-जुलैत मासेमारी बंद असते ती याचसाठी.

जेवण पाण्यातून आल्यावरच. भरल्या पोटी उतरणं त्रासाचं. निघण्याआधी एखादा घावणा किंवा केळं पुरे.

आम्ही शाकाहारी आहोत.

या, मनापासून या. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी ही मालवणी घरातली सणाची जोडी आहे. उन्हाळ्यात ओल्या काजूची उसळ आणि कोवळ्या फणसाची भाजी असते. भांडी आणि तेल वेगळं ठेवतो. जैन जेवण हवं असेल तर दोन दिवस आधी कळवा. ज्यांना कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे त्यांनीही तेव्हाच सांगावं. लहान मुलांसाठी तिखट न घातलेला रस बाजूला काढतो.

मला बोट लागते.

रात्री नीट झोप, सकाळी तेलकट नको आणि अगदी रिकामं पोटही नको. गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. होडीत मधोमध किंवा मागे बसा, मोबाईल खाली ठेवा आणि क्षितिजाकडे बघा. थांबलेली होडी चालत्या होडीपेक्षा जास्त हलते, त्यामुळे खूप कसंतरी होत असेल तर पाण्यात उतरल्यावर बहुतेकांना बरं वाटतं.

चष्मा, मिशा, कपडे, पाळी?

चष्म्यावर मास्क बसत नाही. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पाण्यात डोळे उघडताना मास्क चेहऱ्यावर असला की झालं. काही नंबरांचे मास्क आमच्याकडे आहेत, नंबर आधी कळवा. जाड मिशीतून पाणी झिरपतं, तिथे थोडं व्हॅसलीन लावायचं. साडी, जीन्स, ओढणी नको. अंगाला बसणारे सुती नसलेले कपडे बरे, कारण ओलं सुती कापड जड होतं. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्या घाला, मलम प्रवाळावर जातं. पाळीत उतरायला हरकत नाही, टॅम्पॉन किंवा कप वापरत असाल तर सोयीचं. कपडे बदलायला आणि आंघोळीला घरी जागा आहे.

लहान मुलं आणि आजी-आजोबा?

होडीत पाच वर्षांपुढची मुलं. पाण्यात साधारण आठच्या पुढे, तेही मास्क चेहऱ्याला नीट बसला तर. आजी-आजोबांसाठी अडचण पाण्याची नसते, चढण्या-उतरण्याची असते. किनाऱ्यावरून गुडघाभर पाण्यातून होडीत चढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर सांगा, जेटीवरून बसवू.

कसं पोचायचं?

कोकण रेल्वेने कुडाळ सगळ्यात सोयीचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. कणकवली आणि सिंधुदुर्गनगरीलाही गाड्या थांबतात. गोव्यातलं मोपा विमानतळही जवळ पडतं. चिपीचा विमानतळ अगदी हाताशी आहे, पण उड्डाणं चालू आहेत का ते बघून मगच बेत करा.

समुद्र खराब असला तर पैसे परत मिळतात का?

निर्णय पहाटे तांडेल घेतो आणि त्यावर वाद नाही. 'आज पाणी गदूळ आसा' असं तो म्हणाला की होडी निघत नाही. पूर्ण पैसे परत किंवा दुसरी तारीख, तुम्हाला हवं ते. अर्ध्यातून परतावं लागलं तर स्नॉर्कलिंगचे पैसे परत. तुम्ही स्वतः रद्द केलंत तर दोन दिवस आधी कळवा, म्हणजे मासळी घेतलेली नसते. फेरी रद्द झाली तरी जेवण होतंच, आणि सकाळ मोकळी मिळाली तर दांडीच्या किनाऱ्यावर जा. रापण ओढत असतील तर दोराला हात लावू देतात.